दुपारचं सव्वा लिटर

कृष्णात जुना मीटर काढायला फाटकाशी उकिडवा बसला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि कस्तुरीच्या तोंडात पहाटेपासून पाण्याचा थेंब गेला नव्हता. जायचाही नव्हता. सूर्य उगवल्यापासून तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागेपर्यंत पाणी घ्यायचं नाही, असं तिनं माघात धरलं होतं. वर्षभरासाठी. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात धरलं, म्हणून घरात सगळे म्हणत, सुनेची काय माया बघा. कस्तुरीनं ती समजूत मोडली नाही. मनातून मात्र तिला ठाऊक होतं, ही माया नव्हती. हे प्रायश्चित्त होतं.

"अक्का, एक जुनं फडकं द्या की," कृष्णात म्हणाला. "अकराला पाणी यायच्या आत स्क्रू आवळायला पायजेत."

कृष्णात मूळचा चिकोडीकडचा. अकरा वर्षं तो कानडी मुलखातल्या या शहरात, बनशंकरीच्या गल्लीत दर महिन्याला वही घेऊन मीटर वाचायला यायचा. पौषात पाणी मंडळानं त्याला नवे मीटर बसवायच्या कामावर घातलं, तेव्हापासून या गल्लीत तो आजच येत होता.

"म्हणजे आता वही घेऊन तू परत येणार नाहीस?" कस्तुरीनं फडकं देत विचारलं.

"मी कशाला येतोय? हा आपला आपणच आकडा सांगतोय. दर तासाचा. मोबाईलवर बघायचं." त्यानं निळ्या रंगाचा नवा मीटर तळहातावर घेऊन दाखवला. जुन्या मीटरच्या काचेखाली एक बारकी चकरी होती, पाणी चाललं की गरगर फिरायची. याच्यात फिरणारं काहीच दिसेना.

"मग पाणी गेलेलं याला कळतं कसं रे?"

"आत आवाज सोडतोय म्हणं. आपल्याला ऐकू येत न्हाई तसला. पाणी जरा हललं की त्याला कळतंय. माणसाची नजर चुकंल अक्का, याची चुकायची न्हाई."

कस्तुरी पदर सावरून पायरीवर बसली.

मीटरच्या पुढं हातभर अंतरावर, फाटकाच्या आतल्या बाजूला, पितळी तोटीचा नळ होता. रस्त्यावरनं आलेलं कावेरीचं पाणी मीटरमधनं आधी या नळाला मिळे आणि मग खाली हौदात पडे. देवाला आणि प्यायला पाणी घ्यायचं ते याच नळाचं, असा सासूबाईंचा, अनुसूयाबाईंचा नेम. हौदातलं साठलेलं, टाकीतलं त्याहून शिळं. नळ अकरा ते दोन चाले. रोज दुपारी पूजा आटोपली की बाई तांब्याचा मोठा तांब्या नळाखाली धरायच्या आणि दारात कोण आलंय ते बघायच्या. टपालवाला असो, फुलवाली असो, चुकून पत्ता विचारणारा असो. भर दुपारी या घरावरून तहानलेलं माणूस पुढं गेलेलं त्यांना चालत नसे.

"आज्जी दिसंनात," कृष्णात म्हणाला. "दरवेळी गुळाचा खडा हातावर ठेवून म्हणायच्या, आधी पाणी पी, मग आमचं पाणी मोज."

"गेल्या त्या. माघात."

कृष्णातचा पाना हातातच राहिला. "देवमाणूस हो," असं काहीतरी तो पुटपुटला आणि पुन्हा कामाला लागला. अकराला नळ सूं सूं करू लागला तशी त्यानं तोटी सोडून पाहिली, मीटर जागा झाला, आकडे उमटले. कस्तुरीनं गूळ आणला, तांब्या भरून दिला. तो मान वर करून, तांब्या ओठाला न लावता घटाघट प्याला. त्याचा कंठ वरखाली होताना ती बघत राहिली, आणि मग तिला बघवेना.

* * *

त्या दिवशीही अनुसूयाबाईंचा कंठ असाच हलत होता. कोरडा.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांचं गिळणं गेलं होतं. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडानं थेंबभरही द्यायचं नाही, पाणी छातीत उतरेल. नाकातल्या नळीनं जे जाईल तेवढंच. गुरुवार होता. कस्तुरीचा नवरा, दयानंद, कामावर गेला होता. मामंजी, म्हणजे शेषगिरी, चौऱ्याऐंशी वर्षांचे, गुडघ्यांनी पार खचलेले, बायकोच्या खाटेशेजारी वॉकर धरून बसलेले. साडेबाराच्या सुमाराला अनुसूयाबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "पाणी."

कस्तुरीनं ओला कापूस ओठांवरून फिरवला.

"कापूस नको गं." शब्द अडखळत, पण स्वच्छ. त्यांनी डोळ्यांनीच फाटकाकडं खूण केली. "नळाचं."

"आत्याबाई, डॉक्टर नको म्हणालेत. बरं वाटू दे, मग हवं तेवढं घ्या."

"कस्तुरी, पाणी."

किती वेळा म्हणाल्या ते कस्तुरीनं मोजलं नाही. तिला एवढंच आठवत होतं, की ती उठली, देवघरात गेली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या घरात देवघराचं दार कधी लावत नसत. दार उघडं असलं की स्वयंपाकघर, ओटी, फाटक, सगळं एका रेषेत दिसे, अनुसूयाबाई गमतीनं म्हणत, "आमचे देव राखणीला बसलेत." त्या दिवशी कस्तुरीनं दार लावलं, माळ घेतली आणि मोठमोठ्यानं जप केला. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. एक वाजता दार उघडलं तेव्हा मामंजी खाटेवर हात ठेवून बसले होते, आणि खाटेवरच्या माणसाला आता काही नको होतं.

मरणाऱ्याच्या तोंडात घोटभर पाणी घालावं हे तर लहान पोरालाही कळतं. तिला साठ वर्षं सगळ्या गल्लीला पाणी पाजलेल्या बाईच्या तोंडात ते घालता आलं नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रोज त्याच वेळी, साडेबारा ते एक, ती देवघराचं दार लावून मौनानं जपाला बसे. त्या वेळेला घरात दुसरीकडं कुठं असणं तिला सोसत नसे.

* * *

मोबाईलवर ते आकडे बघायचे कसे ते वरच्या मजल्यावरच्या आश्लेषानं शिकवलं, आणि आपल्याही मोबाईलवर ते लावून घेतले. आश्लेषा पुण्याची, कॉम्प्युटरच्या नोकरीत, भाड्यानं राहायची.

"हे बघा काकू, प्रत्येक बार म्हणजे एक तास. हा अकराचा उंच बार आहे ना, तेव्हा तुमचा सम्प, खालचा हौद, भरतो. बारापर्यंत फुल, मग व्हॉल्व्ह ऑटोमॅटिक बंद. नंतर सगळं झिरो. सो सिंपल."

"आणि हा बुटका?"

आश्लेषानं बोट टेकवलं. बारा ते एक. एक पूर्णांक पंचवीस लिटर.

"कुणीतरी नळ सोडला असेल."

"दुपारी कोण सोडणार?"

आश्लेषानं मागचे दिवस सरकवले. सोमवार, सव्वा लिटर. मंगळवार, सव्वा. बुधवार, सव्वा. मीटर बसून नऊ दिवस झाले होते, नऊच्या नऊ दिवस तो बुटका खांब आपल्या जागी उभा. फक्त गुरुवारी तो दुप्पट होता. अडीच.

"गुरुवारी जास्त तहान लागते वाटतं कुणाला तरी," आश्लेषा हसली. कस्तुरी हसली नाही. "अहो काकू, लीक असेल! चेहरा काय केलात एवढा? मी पण नाही हां, मंगळ-बुध-गुरु मी ऑफिसला असते, हेब्बाळला. येऊन-जाऊन चार तास ट्रॅफिकमध्ये. मला कुठला वेळ तुमचं पाणी चोरायला?"

कस्तुरीनं कृष्णातला बोलावलं. त्यानं झाकण उघडून, कान लावून, कोरड्या कागदानं जोड टिपून पाहिले.

"गळती न्हाई अक्का. गळती असली तर दिवसभर थोडं थोडं दाखवंल. हे कुणीतरी तोटी सोडतंय, भरतंय, बंद करतंय. मोजून सोडल्यागत." तो फाटकाकडं बघत म्हणाला, "फाटकाला कुलूप असतंय का दुपारी?"

"असतं. किल्ली देवघरात, माझ्याजवळ."

"मग घरातलंच कोणतरी."

घरात त्या वेळी कोण असतं? ती स्वतः, दाराआड. आणि मामंजी, जे खाटेपासून न्हाणीपर्यंत वॉकर टेकत जायचं तरी दोनदा विचार करतात. ओटीच्या तीन पायऱ्या तर त्यांनी माघापासून उतरल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता कस्तुरीनं ओटीवरच्या लाकडी घडवंचीवर पालथा असलेला अनुसूयाबाईंचा तांब्या उचलला. एका बाजूला पोचा आलेला, आतून कल्हई उडत चाललेला. तो नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि तोटी बंद केली. संध्याकाळी दिवा लावून, पाणी पिऊन, तिनं मोबाईल उघडला.

दुपारी एक ते दोन. एक पूर्णांक पंचवीस.

तिनं मोबाईल देवासमोर पालथा ठेवला, जसा काही तो बोलला असता.

म्हणजे आत्याबाई येतात. रोज, त्याच वेळी, त्यांचाच तांब्या घेऊन, त्यांच्याच नळावर. ज्या पाण्यासाठी तोंड उघडं ठेवून गेल्या, ते घ्यायला. आणि आपण रोज त्याच वेळेला दार लावून बसतो. पुन्हा पुन्हा तेच करतो. सहा महिने झाले, तरी त्यांची तहान भागत नाही.

त्या रात्री दयानंदाला तिनं एवढंच विचारलं, "आत्याबाई तुमच्या स्वप्नात येतात का हो?"

"नाही. का?"

"काही नाही. सहजच."

* * *

बुधवारी तिनं दोरा बांधला. कुंकवात भिजवलेला तांबडा सुती दोरा, तोटीच्या मुठीला तीन वेढे आणि खाली नळाच्या मानेला गाठ. तोटी केसभर फिरवली तरी तुटेल असा. साडेबाराला देवघरात गेली, दार लावलं, बसली. जप तोंडात होता, मन कानात होतं. आवाज काहीच आला नाही. पंख्याचा तेवढा.

एकला दार उघडलं. उंबऱ्याबाहेर फरशीवर ओला गोल उमटलेला होता, तांब्याच्या बुडाएवढा. तो रोजच असे. आपलाच पूजेचा कलश टेकला असेल, असं म्हणून ती रोज पदरानं पुसून टाकी. आजही वाकून पुसला आणि तशीच घाईनं फाटकाशी गेली.

दोरा जसाच्या तसा होता. तीनही वेढे. गाठ कोरडी.

दिवसाचे आकडे मात्र मोबाईलवर संध्याकाळीच येत. ती दुपारभर खालीवर होत राहिली. मामंजींना ताक दिलं, ते म्हणाले, "मीठ दोनदा घातलंस."

"घालते दुसरं."

"असू दे. तुझं लक्ष कुठंय? ओठ बघ, किती फुटलेत. देवाला एवढं कोरडं माणूस चालतं का गं?"

साडेसातला आश्लेषा ऑफिसातून आली आणि जिना चढता चढता वरूनच ओरडली, "काकू, आजपण सव्वाच बरं का! तुमचा पाहुणा पंक्च्युअल आहे!"

कस्तुरी फाटकाजवळच उभी होती. तिच्या बोटाखाली तोटीवरचा दोरा होता. न तुटलेला.

त्या रात्री तिनं ठरवलं. उद्या गुरुवार. उद्या दार लावायचं नाही. त्या पाणी मागायला आल्या तर मागू देत. जे काय बघायचं ते बघू, ऐकायचं ते ऐकू. एकदा पळाले, रोज रोज किती पळायचं?

* * *

गुरुवारी साडेबाराला ती आसनावर बसली आणि दार दोन बोटं उघडं ठेवलं. फटीतून रेषेत सगळं दिसत होतं. स्वयंपाकघराची फरशी, ओटीचा कोपरा, पलीकडं उन्हात पांढरं पडलेलं फाटक आणि नळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. माळेचे मणी बोटांतून सरकत होते, पण ती कुठल्या मण्यावर होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

बारा पस्तीस. अडतीस.

ओटीवर काहीतरी घसटल्यासारखं झालं. घडवंचीवरचा तांब्या उचलला गेला. उचलणारा हात भिंतीआड होता. मग पायरीचा कठडा धरून, एक एक पाऊल तोलून, वॉकर नसताना, धोतर आवरत कुणीतरी उन्हात उतरलं.

मामंजी.

नळाशी पोचल्यावर ते फाटकाला धरून क्षणभर उभे राहिले. दोऱ्याकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. मूठ फिरवली, दोरा तुटून पडला. तांब्या भरला. दोन पावलांवरच्या तुळशीपाशी ते खाली बसले. उठता येईल की नाही याचा विचार न करता बसले, आणि तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तुळशीच्या मुळाशी सोडू लागले. एकदम नाही. एक घोट. थांबून दुसरा. आजारी माणसाला पाजावं तसे.

कस्तुरीचं मौन तिथंच सुटलं.

"मामंजी!"

ती धावत गेली. ते दचकले, पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

"तू कशाला उठलीस गं? तुझा जप..."

"पडला असतात! सांगायचं नाही का मला? मी दिलं असतं भरून."

"तुला सांगून कसं चालेल?" त्यांनी तोंड फिरवलं. "तुला कळू नये म्हणून तर या वेळेला येतो."

ती त्यांच्यासमोर उन्हातच बसली. मग मामंजी तुळशीकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मी पाजलं तिला."

"काय?"

"तू दार लावून घेतलंस ना. तेव्हा मी असाच उतरलो, भिंत धरून. नळाचं आणलं. या हातानं तीन घोट दिले. प्याली. अशी प्याली, कस्तुरी, की काय सांगू. मला बघून हसली. चौथ्याला ठसका लागला. आणि मग..." त्यांचा हात हवेत उघडला आणि तसाच राहिला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला कळत नव्हतं का? मी मारलं तिला. गुरुवारी येतो, जेवढं प्यायची राहिली तेवढं इथं घालतो."

कस्तुरी त्यांच्या जवळ सरकली.

"प्याल्या त्या?" तिनं विचारलं. "तोंड कोरडं नव्हतं?"

"ओलं होतं. हनुवटीवरून ओघळलेलं मी पुसलं ना, या पंच्यानं."

सहा महिने छातीवर धरून ठेवलेलं ओझं असं एकदम खाली ठेवता येत नाही. ती रडली, हुंदके आवरून, तोंडात पदर घालून. मामंजी घाबरले.

"अगं, तुला दोष नाही कशाचा. उलट तू शहाणपणानं दार लावून घेतलंस. मला कळलं तेव्हाच. डॉक्टरांचा शब्द तुला मोडायचा नव्हता, आणि तिला तहानलेलं ठेवायचं नव्हतं. म्हणून बघायला नको म्हणून आत गेलीस. मला मोकळीक दिलीस."

कस्तुरीनं पदर काढला. हे असंच राहू द्यावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. किती छान रूप दिलं होतं त्यांनी तिच्या पळण्याला. पण तुळस समोर होती.

"नाही मामंजी. मी मोकळीक वगैरे काही दिली नाही. मला त्यांचं पाणी पाणी ऐकवेना, म्हणून मी पळाले. मोठ्यानं जप केला, ऐकू येऊ नये म्हणून."

मामंजींनी तांब्या जमिनीवर टेकवला.

"असं होय," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही नाही मारलं त्यांना. मी जे द्यायला हवं होतं ते तुम्ही दिलंत. तेवढंच झालंय."

त्यांनी मान हलवली. पटलं असं नव्हे, पण ऐकलं असं. मग तांब्यात तळाला उरलेलं पाणी त्यांनी तिच्यापुढं केलं. "पी. ते व्रत पुरे आता. अनुसूया असती ना, तर तू दार लावून बसलीस तरी दाराशी तांब्या आणून ठेवला असता तिनं. भर दुपारी तुला असं कोरडं बसू दिलं असतं होय?"

कस्तुरी हात पुढं करता करता थांबली.

"मामंजी, तुम्ही रोज येता ना इथं?"

"रोज? वेडी की काय. हे पाय आहेत की थट्टा? गुरुवारी तेवढा कसाबसा येतो. बाकीचे दिवस पडून असतो, तुला ठाऊक नाही का?"

गल्लीतून एक रिक्षा फटफटत गेली. मग पुन्हा शांत झालं.

तिनं मामंजींना उठवलं, खांद्याचा आधार देऊन पायऱ्या चढवल्या, खाटेवर बसवलं. मग तांब्या हातात धरूनच ती मागं वळली. देवघराचं दार आता सताड उघडं होतं, ती धावत निघाली तेव्हा उघडं टाकलेलं. त्या वेळी फरशी कोरडी होती. ती अनवाणी तिच्यावरून गेली होती, पायाला गारवा लागला असता तर कळला असता.

उंबऱ्याबाहेर ओला गोल होता. ताजा. कडेनं पाणी अजून बारीक पसरत होतं.

कस्तुरी त्याच्यापाशी खाली बसली. पुसायला उचललेला पदर तिनं सोडून दिला. किती दिवस पुसत होती ती हे. दाराशी आणून ठेवलेलं, दार उघडत नाही म्हणून परत नेलेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आणलेलं. प्यायला नव्हे. पाजायला.

"आत्याबाई," ती म्हणाली, आणि तांब्या वर करून तळाचं पाणी प्याली. भर दुपारी, एकाला पाच कमी असताना. पाणी कोमट होतं आणि त्याला तांब्याचा वास होता.

संध्याकाळी आश्लेषानं सांगितलं, "आज अडीच, काकू. गुरुवार ना!" मामंजींनी तांब्या एकदाच भरला होता. कस्तुरीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती नुसतं "हं" म्हणाली.

* * *

शुक्रवारी ती साडेबाराला जपाला बसली ती दार उघडं ठेवून, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून. फरशी कोरडी राहिली. मोबाईलवर बारा ते एकची जागा मोकळी होती. शनिवारी मोकळी. रविवारी मोकळी.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती मोकळी जागा बघून तिला घर रिकामं झाल्यासारखं वाटलं, पहिल्यांदाच, माघापासून. सोमवारी जप आटोपल्यावर तिनं तो पोचा आलेला तांब्या नळाखाली धरला, फाटकाचं कुलूप काढलं आणि उन्हात उभी राहिली. पार्सल घेऊन आलेला एक माणूस पत्ता शोधत होता. "नीरु बेका?" तिनं विचारलं. पाणी हवंय का, एवढं कानडी तिला सासूबाईंमुळंच येत होतं. तो चकित होऊन हसला आणि तांब्या रिकामा करून गेला.

"काकू!" संध्याकाळी वरून आश्लेषा. "तुमचं लीक परत आलं! सव्वा!"

"लीक नाही गं. मी आहे."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. गुरुवारी तिचा एक आणि मामंजींचा एक, अडीच. मामंजींना आता ती हात धरून नेते, तुळशीपाशी खुर्ची टाकते, आणि ते घोट घोट पाणी घालत असतात तेव्हा शेजारी उभी राहते. पाणी आता त्यांच्या धोतरावर सांडत नाही.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी एकादशी आली. बऱ्याच दिवसांची सवय, कस्तुरी त्या दिवशी निर्जळी राहिली. दुपारी तिनं तांब्या भरून फुलवालीला दिला, मामंजींनी तुळशीला घातलं, पण स्वतःच्या तोंडात काही गेलं नाही. दिवा लागायला अजून अवकाश होता. त्या दिवशी सुट्टी घेऊन घरी असलेली आश्लेषा वरून जिना उतरत आली, मोबाईल पुढं धरून.

"काकू, आज काय एक्स्ट्रा? पावणेचार दाखवतंय."

कस्तुरीनं आकडा बघितला. मग मागं वळून देवघराकडं बघितलं. तिथं उंबऱ्याशी फरशी चमकत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "माझं चुकलं आज."

आणि ती आत गेली, भांडं घेतलं, उभ्या उभ्या पाणी प्याली. फरशी तिनं पुसली नाही. ती आपली आपण सुकू दिली.